वाचनाचा जमाखर्च

पैशाचा जमाखर्च ठेवणारीं माणसें घरोघरीं आढळतात. वाचनाचा जमाखर्च ठेवणारीं विरळा. तथापि ही चाल आजची नव्हे. इंग्लंडचा मुख्य प्रधान ग्लॅडस्टन यानें १८२५ पासून १८९६ पर्यंत रोजनिशी लिहिली, आणि तींत वाचलेल्या ग्रंथांचीं व पुस्तिकांचीं नांवें टिपलीं. त्यांची संख्या वीस हजारांवर जाते.

डार्विनचें उदाहरण याहून बोधप्रद आहे. १८३८ पासून १८६० पर्यंत त्यानें खास वह्या ठेवल्या. वाचावयाचीं पुस्तकें निराळीं आणि वाचून झालेलीं निराळीं, अशी त्यांची मांडणी होती. एखादें पुस्तक नुसतें चाळलें असल्यास तेंहि तो प्रामाणिकपणें लिही. २०१७ सालीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं या वह्यांतील ललितेतर अशा ६६५ इंग्रजी ग्रंथांची संगणकाच्या साह्यानें छाननी केली. डार्विन आरंभीं जवळजवळच्या विषयांत खोल शिरत असे व पुढें दूरदूरच्या विषयांत संचार करूं लागला, असें त्यांस दिसून आलें. स्वतःच्या हातानें लिहिलेली साधी यादी दीडशें वर्षांनंतर मनाच्या प्रवासाचा नकाशा ठरली!

आतां ही यादी लिहिण्याचे श्रमहि उरले नाहींत. २००७ च्या नोव्हेंबरांत ॲमेझॉन कंपनीनें किंडल नांवाचा ई-रीडर बाजारांत आणला. कोणतें पुस्तक केव्हां उघडलें, किती वेळ वाचलें, कोठवर पोंचलें, याची नोंद अशा यंत्रांत आपोआप होते. एका यंत्रावर सोडलेलें पान दुसऱ्यावर उघडावें, ही सोय अशा नोंदीवांचून साधत नाहीं. २०१६ सालापासून किंडलवर मराठी पुस्तकांसाठींहि स्वतंत्र दालन उघडलें. तेव्हां आपलें वाचनहि या खातेवहींत आलेंच. युरोपांत मे २०१८ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें स्वतःविषयींची माहिती कंपनीकडून मागून घेण्याचा हक्क दृढ केला. ती मिळवून हौशी वाचक आपल्या वाचनाचे तक्ते मांडतात: रात्रीं किती वाचलें, सुट्टीच्या दिवशीं किती, कोणतें पुस्तक विसाव्या पानावरच अडून राहिलें.

परंतु ही वही केवळ वाचकाच्या हातीं नाहीं. २०१४ सालीं जॉर्डन एलेनबर्ग या गणितज्ञानें एक गमतीचा हिशेब केला. किंडलच्या वाचकांनीं सर्वांत अधिक अधोरेखित केलेलीं पांच स्थळें पुस्तकांत सरासरीनें कोठें पडतात, हें त्यानें पाहिलें. स्टीफन हॉकिंग यांच्या कालविषयक प्रसिद्ध ग्रंथास शेंकडा ६.६, तर पिकेटी यांच्या भांडवलावरील ग्रंथास शेंकडा २.४ असा आंकडा मिळाला. अर्थात् विकत घेणारे पुष्कळ, शेवटास जाणारे थोडे, असा त्यानें विनोदानें निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षीं, म्हणजे २०१५ च्या जुलैपासून, वर्गणी भरून पुस्तकें वाचण्याच्या ॲमेझॉनच्या योजनेंत स्वतः पुस्तकें प्रसिद्ध करणाऱ्या लेखकांस वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबानें मोबदला मिळूं लागला. येथें मात्र विनोद संपतो. वाचकाच्या बोटाखालीं उलटणाऱ्या पानावर लेखकाची मिळकत ठरूं लागली, म्हणजे वाचकास थांबूं न देणारें लिहिण्याकडे लेखणी वळण्याचें भय उत्पन्न होतें.

एकाच पानावर अर्धा तास थांबलेला वाचक विचारांत गढला होता कीं झोंपीं गेला होता, हें यंत्र सांगूं शकत नाहीं. डार्विनच्या वहींतील ‘चाळलें’ हा शब्द लिहावयास वाचकाचा विवेक लागतो. पानें मोजावयास तो लागत नाहीं. म्हणून यंत्राचा हिशेब त्याज्य समजावा असें आम्ही म्हणत नाहीं; आपण काय वाचूं म्हणतों व काय वाचतों, यांतील अंतर तो निःपक्षपातानें दाखवितो. मात्र तो हिशेब मागून घ्यावा, स्वतः तपासावा, आणि प्रत्येक पुस्तकापुढें आपल्या हातानें एक ओळ लिहावी: यांतून आपणांस काय मिळालें. ती ओळ लिहितां येत नसेल, तर तें पुस्तक खर्चाच्या बाजूस मांडावें.