किशोरांचा स्वभाव आणि सिगारेटचा मोह : कार्यकर्त्यांनी काय ओळखावे?

सिगारेट हातात येण्याआधी मनात येते. ‘एकदा ओढून बघायला काय हरकत आहे?’ हा विचार म्हणजे धूम्रपानाचा इरादा. मूल याच टप्प्यावर असताना त्याला थांबवणे सर्वांत सोपे असते. जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार (२०१९) भारतातील १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करत होते. सिगारेट ओढलेल्यांपैकी ३८ टक्के मुलांनी तर वयाच्या दहा वर्षांआधीच सुरुवात केली होती.

इरादा कसा ओळखायचा?

अमेरिकेतील जॉन पिअर्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तीन साधे प्रश्न वापरले. पुढे सिगारेट ओढून पाहशील असे वाटते का? येत्या वर्षभरात ओढशील का? जिवलग मित्राने दिली तर? या पद्धतीत ‘बहुतेक नाही’ म्हणणारा मुलगाही धोक्यात धरला जातो. ठाम नकार देणाराच सुरक्षित.

स्वभावाचे चार कल

मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कॉनरॉड यांचा ‘प्रिव्हेंचर’ हा व्यसनप्रतिबंधक कार्यक्रम चार कलांवर आधारलेला आहे :

१. थराराची ओढ : नवे, धोक्याचे करून पाहण्याची हौस.
२. उतावळेपणा : परिणामांचा विचार न करता कृती.
३. चिंतेची धास्ती : छातीतील धडधड, घाम अशा लक्षणांचीच भीती.
४. निराशा : ‘माझे काही भले होणार नाही’ ही भावना.

म्हणजे एकाच सिगारेटकडे मुले वेगवेगळ्या वाटांनी जातात. सगळ्यांना कर्करोगाचे एकच पोस्टर दाखवून भागत नाही. थराराची ओढ असलेल्याला तर धोकाच खुणावतो.

स्वभाव म्हणजे नशीब नव्हे

आइसेक आय्झेन यांच्या सिद्धांतानुसार इरादा तीन गोष्टींतून घडतो : त्या कृतीबद्दलचे स्वतःचे मत, जवळच्या माणसांची अपेक्षा आणि ‘मला हे जमेल’ हा विश्वास. स्वभाव सहज बदलत नाही, पण या तिन्हींवर काम करता येते. म्हणून ‘हा पोरगा वाया जाणार’ असा शिक्का मारू नका. निराश मुलाच्या मनात तोच पक्का बसतो.

आपण काय करू शकतो?

थरार हवा असलेल्याला कबड्डी, पथनाट्य, गडभ्रमंती द्या. उतावळ्याकडून नकार देण्याचा सराव करून घ्या. चिंता करणाऱ्याशी परीक्षेच्या दिवसांत बोला. निराश मुलाला नियमित भेटणारा एक मोठा माणूस हवा असतो.

महाराष्ट्रात हेच प्रश्न खर्रा, मावा, तंबाखूबद्दलही विचारायला हवेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू खाणारे आढळले.

शिवाय २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शाळा-महाविद्यालयाभोवती शंभर यार्डांत ती विकणे गुन्हा आहे. शाळेजवळची टपरी तशीच चालू ठेवून मुलांनाच संयम शिकवणे अन्यायाचे आहे. सवय लागलेल्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. तो वस्तीत लावा.