स्थलांतरित कुटुंबांचे हक्क व आपत्काळाची सिद्धता

२०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुणे महामार्गाने पायी गावाकडे निघालेली मजूर कुटुंबे आम्ही विसरलेलो नाही. त्यांतील अनेकांजवळ येथील शिधापत्रिका नव्हती. मावळ व लोणावळा परिसरात आजही परगावाहून आलेली अशी कुटुंबे राबतात. धर्मग्रामातील श्रद्धावंतांनी त्यांना पुढील माहिती अवश्य द्यावी.

शिधा : ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेनुसार गावच्या पात्र शिधापत्रिकेवर येथील रास्त भाव दुकानातही धान्य मिळते, मात्र आधार जोडलेले असावे.

शिक्षण : २००९ च्या कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या बालकास वयाच्या दाखल्याअभावी शाळाप्रवेश नाकारता येत नाही.

आपत्काळ : कोणत्याही संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, बालकांसाठी १०९८. पावसाळ्यापूर्वी कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावीत.

पवित्र कुटुंबानेही इजिप्तमध्ये आश्रय घेतला होता, याचे आपणांस स्मरण असावे.