कृपादाने आणि संयम : एका नियमाची कुळकथा

कॅथलिक करिश्माई उपासनेत दोन गोष्टी जोडीने चालतात. एक म्हणजे पवित्र आत्म्याची कृपादाने : अन्य भाषांत बोलणे, देवाचा संदेश सांगणे, रोग बरे करणे. दुसरी म्हणजे ती वापरताना स्वतःला आवरण्याची शिस्त. ही शिस्त चर्चच्या वरिष्ठांनी मागाहून लादली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ एकाच पत्रात आहे.

संत पौलाने इ.स. ५५ च्या सुमारास करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले. त्यातील १२ व्या अध्यायात नऊ दानांची यादी येते आणि १४ व्या अध्यायात त्यांच्या वापराचे नियम. अन्य भाषेत दोघांनी, फार तर तिघांनी बोलावे, तेही पाळीपाळीने. अर्थ सांगणारा कोणी नसेल तर सभेत गप्प राहावे. संदेश सांगणाऱ्यांनाही हीच मर्यादा. मध्येच दुसऱ्याला काही प्रकट झाले, तर पहिल्याने थांबावे आणि बाकीच्यांनी ऐकलेल्याची पारख करावी. संदेश सांगणारा आपल्या आत्म्यावर ताबा ठेवू शकतो, हे या नियमांमागचे गृहीत. ‘अंगात येण्या’पासून ही उपासना नेमकी इथे वेगळी होते. घुमणाऱ्या ‘झाडा’च्या, म्हणजे अंगात आलेल्या माणसाच्या, तोंडून देवच बोलतो आणि झाडाच्या हाती काही नसते, असे मानतात. पौलाकडे मात्र ‘मला आवरेना’ ही सबब चालत नाही. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तर त्याने इंद्रियदमन आत्म्याच्या फळांतच मोजले आहे.

दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधील फ्रिगियात माँटानस, प्रिस्का आणि मॅक्सिमिला भान हरपून संदेश सांगू लागले, तेव्हा विरोधकांनी त्या बेभानपणावरच बोट ठेवले. पुढे अनेक शतके ही दाने बहुतांशी संतांच्या चरित्रांतच वाचायला मिळत.

विसाव्या शतकात या दानांची पुन्हा लाट आली; तिचा एक आरंभ नगर जिल्ह्याच्या शेजारी झाला. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन दौंड तालुक्यातील केडगावला आहे. नगर शहरालगतचे केडगाव ते वेगळे. १९०५ च्या जूनअखेरीस तेथील मुलींमध्ये प्रार्थनेची लाट उसळली. एका मुलीला ज्वाळांनी वेढल्याचे पाहून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकिकत रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी नोंदवली आहे. पुढे तेथे अन्य भाषांत बोलणेही सुरू झाले. रडण्या-ओरडण्यावर टीका झाली, तेव्हा भारतीय मुलींना त्यांच्या रीतीने प्रार्थना करू द्यावी, अशी बाजू रमाबाईंनी घेतली. मात्र अन्य भाषा हीच पवित्र आत्मा लाभल्याची एकमेव खूण, हे त्यांनी मानले नाही.

केडगावचे मिशन प्रॉटेस्टंट होते. कॅथलिकांसाठी दार उघडले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. १९६४ च्या दस्तऐवजात तिने कृपादाने आभारपूर्वक स्वीकारायला सांगितले आणि त्यांच्या खरेपणाचा निर्णय चर्चच्या प्रमुखांकडे सोपवला. फेब्रुवारी १९६७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातील काही विद्यार्थी आणि अध्यापक एकांत-साधनेला बसले होते. कॅथलिक करिश्माई चळवळ तिथून सुरू झाली. १९७२ मध्ये ती मुंबईत पोहोचली. मुंबईचे जेझुइट फादर फिओ मस्करेन्हस १९८० च्या दशकात चळवळीच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचे अध्यक्ष होते.

नगर जिल्ह्यातील कॅथलिक समाज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जर्मन आणि नंतर स्विस जेझुइटांच्या मिशनांतून वाढला. त्याच्या भक्तीचे मोठे स्थान श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव. मारियेच्या जन्मदिनी, ८ सप्टेंबरच्या आसपास, तेथे मतमाउलीची यात्रा भरते. आधी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) होते, मग मिस्सा (ख्रिस्तप्रसादाचा उपासनाविधी); नवस बोलायला आणि फेडायला इतर धर्मांचे भाविकही येतात. नवसात आजारपणाचे गाऱ्हाणे असतेच. रोगमुक्तीची आस घेऊन माणसे जमतात, तिथे संयमाचा नियम सर्वांत जास्त कसाला लागतो.

अशा प्रार्थनांसाठी व्हॅटिकनने १४ सप्टेंबर २००० रोजी सूचना काढली. तिच्यानुसार रोगमुक्तीच्या प्रार्थनेत उन्माद, नाटकीपणा आणि खळबळ यांना जागा नाही. मिस्सेच्या विधीत अशी सभा मिसळायची नाही. कोणी बरे झाल्याचे सांगितले, तर साक्षी नीट टिपून चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवायच्या. विधिवत रोगमुक्ती-उपासनेला बिशपांची स्पष्ट परवानगी लागते आणि विधीबाहेरच्या सभांवरही त्यांची देखरेख असते. १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा होऊन नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला आणि नगर जिल्हा त्यात आला. त्यामुळे जिल्ह्यात ही परवानगी आणि देखरेख नाशिकच्या बिशपांकडे आहे.