कापडी डायपर : बाळासाठी सुरुवात कशी करायची? आष्टीसारख्या पाणीटंचाईच्या भागात ते परवडतात का?

घरात बाळ येणार म्हटलं की आजी जुनं सुती कापड शोधायला लागते आणि बाळाची आई मोबाईलवर डायपरचे पॅक बघायला लागते. एकीकडे लंगोट, दुपटी आणि बाळोती, दुसरीकडे वापरून फेकायचे डायपर. या दोन्हींच्या मधला एक पर्याय गेल्या काही वर्षांत सोशल मीडियावर सतत दिसतो, तो म्हणजे कापडी डायपर.

'त्वचेसाठी चांगले', 'पैसे वाचवणारे', 'पर्यावरणपूरक' अशी त्यांची जाहिरात होते. पण बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात पहिला प्रश्न वेगळाच असतो. हे धुवायला पाणी कुठून आणायचं?

पर्जन्यछायेत येणाऱ्या या तालुक्यात पाऊस कमी झाला की उन्हाळ्यात गावं टँकरवर येतात. म्हणून कापडी डायपरचा विचार इथे पाण्याच्या हिशोबासकट करावा लागतो.

कापडी डायपर म्हणजे नेमकं काय?

कापडी डायपर हा आपल्या लंगोटाचाच सुधारित प्रकार आहे. लंगोट ओल शोषून घेतो, पण ती बाहेर येण्यापासून अडवत नाही. कापडी डायपरमध्ये ही दोन कामं दोन थर करतात. आतला सुती किंवा बांबूच्या धाग्याचा जाड थर शू शोषतो आणि बाहेरचं पातळ लेप दिलेलं कापड ओल अडवतं. बाजारात साधारण चार प्रकार मिळतात.

- साधा लंगोट किंवा चौकोनी कापड: मलमल किंवा मऊ सुती कापडाचा, घडी घालून बांधायचा. सर्वात स्वस्त आणि सर्वात लवकर वाळणारा.
- कव्हर आणि आतली घडी: बाहेर ओल न झिरपणारं कव्हर, आत सुती घडी. फक्त शू झाली असेल तर घडी बदलून तेच कव्हर पुन्हा वापरता येतं.
- पॉकेट डायपर: खिशासारख्या जागेत शोषक पट्टी सरकवायची. धुताना पट्टी बाहेर काढावी लागते.
- एकसंध डायपर: सगळे थर एकत्र शिवलेले. घालायला सोपा, पण वाळायला सर्वात जास्त वेळ घेणारा.

लंगोटापासून डायपरपर्यंत

बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची, दुपटी यांच्यासोबत लंगोट असायचेच. आजोबांचं धोतर किंवा आजीचं लुगडं शेकडो वेळा धुऊन मऊ झालेलं असायचं, त्यामुळे ते फाडून केलेली बाळोती बाळाच्या अंगाला टोचत नसत.

आज ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही, याला एक साधं कारण आहे. आता घरातल्या बहुतेक जुन्या साड्या पॉलिस्टरच्या असतात. पॉलिस्टर पाणी शोषत नाही आणि अंगाला गरम होतं. त्यामुळे 'जुनी साडी फाडून लंगोट करा' हा सल्ला साडी सुती असेल तरच उपयोगाचा आहे. नसेल तर कापडाच्या दुकानातून मलमल मीटरवर घेऊन शिंप्याकडून 60 ते 70 सेंटिमीटरचे चौकोन कडा दुमडून शिवून घेता येतात.

फेकायचे डायपर जगभर रुळले ते 1961 मध्ये अमेरिकेत पॅम्पर्स बाजारात आल्यानंतर. भारतात हिंदुस्थान लिव्हर आणि किंबर्ली-क्लार्क यांची भागीदार कंपनी 1994 मध्ये स्थापन झाली आणि तिने हगीज हे नाव घराघरांत नेलं. आधुनिक कापडी डायपरच्या भारतीय कंपन्या त्यानंतरच्या. त्यातली सुपरबॉटम्स ही कंपनी पल्लवी उटगी यांनी 2016 मध्ये मुंबईत सुरू केली.

सुरुवातीला किती घ्यायचे?

पहिल्याच दिवशी पंचवीस डायपरचा सेट मागवू नका. बाळाच्या मांड्यांना कोणता आकार नीट बसतो, हे वापरल्याशिवाय कळत नाही. आधी दोन-तीन घ्या, आठवडाभर वापरा आणि मग ठरवा.

पहिला महिना: नवजात बाळाचं कापड दिवसातून 10 ते 12 वेळा बदलावं लागतं. या काळात साधे लंगोटच सोयीचे. रोज धुणं होत असेल तर 25 ते 30 पुरतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाची शी काळपट आणि चिकट असते आणि तिचे डाग सहज जात नाहीत. त्यामुळे तेव्हा सर्वात जुनं कापड वापरावं. नाळ गळून पडेपर्यंत लंगोट नाळेच्या खाली दुमडून बांधावा.

त्यानंतर: दिवसाला 6 ते 8 वेळा बदलावं लागतं. एक दिवसाआड धुणार असाल तर 18 ते 20 डायपर लागतात. कव्हर आणि घडी असा प्रकार निवडला तर 5-6 कव्हर आणि 20 घड्या पुरतात.

नवीन डायपर थेट वापरायला काढू नका. सुती आणि बांबूच्या पट्ट्या तीन-चार वेळा धुऊन वाळवल्यावरच नीट शोषायला लागतात. 'पहिल्याच दिवशी गळला' या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असतं.

डायपर कसा बसवायचा?

कमरेला दोन बोटं जातील एवढी ढील ठेवा. मांडीजवळचं इलॅस्टिक जांघेच्या घडीत बसलं पाहिजे. ते मांडीवर आलं तर डायपर गळतो आणि वळही उठतात. आतलं कापड कव्हरच्या बाहेर डोकावत असेल तर ओल थेट कपड्यांवर येते.

दर दोन-तीन तासांनी डायपर बदला, शी झाली तर लगेच. बाळाला दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका. पाय गुडघ्यात वाकवून बाजूला पसरता आले पाहिजेत. सतत ताणून बांधल्यास खुब्याच्या सांध्याच्या वाढीत दोष येण्याचा धोका वाढतो.

पाणी किती लागतं?

एक अंदाज मांडून बघू. रोज 10 कापडं हातानं धुवायची आहेत आणि बादली 15 लिटरची आहे. पहिल्यांदा खळबळून काढायला अर्धी बादली, साबणाच्या पाण्याला एक आणि नंतर दोनदा खळबळायला दोन. म्हणजे साडेतीन बादल्या, साधारण 52 लिटर पाणी.

जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज 55 लिटर पाणी हे प्रमाण धरलं आहे. म्हणजे बाळाच्या कापडांनाच घरातल्या एका माणसाच्या वाट्याचं पाणी लागतं. नळाला रोज पाणी येत असेल तर हे जाणवत नाही. टँकरची वाट बघणाऱ्या घरात मात्र ते लगेच जाणवतं, आणि हे पाणी भरण्याचं काम बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येतं. अनेकदा तीच बाळंतीणही असते.

पाण्याची बचत करण्याचे काही मार्ग :

- घरच्या कपड्यांचं शेवटचं पाणी फेकू नका. डायपर पहिल्यांदा खळबळायला ते चालतं.
- डायपरचं पाणी संडासात ओतायला वापरा. त्यानं घरचे इतर कपडे किंवा भांडी धुऊ नका.
- साधे लंगोट कमी पाण्यात स्वच्छ होतात. जाड पट्ट्यांतून साबण निघायला जास्त पाणी लागतं.
- टंचाईच्या महिन्यांत एक दिवसाआड धुवा. तोवर शी काढून, एकदा खळबळून, पिळून हवा लागेल अशा बादलीत ठेवा. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका.

धुण्याची योग्य पद्धत

1. शी आधी संडासात टाका. विहिरीजवळ, हातपंपाच्या ओट्यावर किंवा ओढ्यात डायपर धुऊ नका. बाळाच्या शीतूनही जुलाबाचे जंतू पसरतात.
2. साध्या पाण्यात खळबळा. शीचे कापड गरम पाण्यात आधी टाकू नका, डाग पक्के होतात.
3. कपडे धुण्याची पावडर पुरेशी वापरा. 'बाळाचं आहे म्हणून चिमूटभर' टाकली तर कापडात शू साठून राहते आणि अमोनियाचा उग्र वास येतो.
4. साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळा. कापडात राहिलेल्या साबणानं बाळाला पुरळ येऊ शकतं.
5. सुती घड्या कडक उन्हात वाळवा. कव्हर सावलीत वाळवा, कारण रोजच्या कडक उन्हानं त्याचा लेप आणि इलॅस्टिक लवकर खराब होतं.
6. शेवटी साबणानं हात धुवा.

कपडे मऊ करणारं कंडिशनर डायपरला वापरू नका. त्याचा थर बसून कापड शोषायचं थांबतं. ब्लीच आणि जंतुनाशक द्रव रोज वापरायची गरज नाही. सुती लंगोटाला इस्त्री चालते, कव्हरला चालत नाही.

बोअरचं जड पाणी असेल तर?

बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर साबणाला फेस येत नाही आणि कापड काही आठवड्यांत कडक होतं. घडी पाण्यात टाकल्यावर पाणी वरून ओघळलं तर क्षार आणि साबणाचा थर बसला आहे असं समजा. अशा वेळी साबणाच्या पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकावा. त्यानं पाणी मऊ होतं आणि पावडर नीट काम करते. नंतर मात्र भरपूर खळबळणं गरजेचं आहे. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर अधूनमधून त्यात कापडं धुतली तरी फरक पडतो.

पुरळ आलं तर काय करायचं?

कापडी डायपर घातला म्हणजे पुरळ येणारच नाही, असं नाही. ओला डायपर तासन् तास अंगावर राहिला तर कापडी असो वा फेकायचा, दोन्हींनी त्वचा लाल होते. दिवसातून काही वेळ बाळाला उघडं ठेवणं हा सर्वात सोपा उपाय. टाल्कम पावडर टाळावी, ती श्वासातून बाळाच्या फुप्फुसात जाऊ शकते.

जांघेच्या घडीत गडद लाली आणि तिच्याभोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. तो घरगुती उपायांनी जात नाही. डॉक्टरांना दाखवा आणि तोवर सुती कापडं उकळून घ्या. दवाखान्यात प्रसूती झाल्यावर पहिल्या 42 दिवसांत आशा सेविका सहा वेळा घरी येतात. त्यांनाही दाखवता येतं.

खर्चाचा हिशोब

समजा, फेकायचा एक डायपर 10 रुपयांना पडतो आणि दिवसाला पाच लागतात. महिन्याला 1,500 आणि दोन वर्षांत 36,000 रुपये होतात. कापडी डायपर एक 500 रुपयांना धरला तर 18 डायपरचे 9,000 रुपये. कापड दुसऱ्या बाळालाही वापरता येतं. शिवून घेतलेल्या लंगोटांना तर याहून बराच कमी खर्च येतो.

पण यात साबण आणि पाणी धरलेलं नाही. पाणी विकत घ्यावं लागत असेल तर तो खर्च मिळवा. धुण्याच्या कष्टांची किंमत कुठल्याच हिशोबात येत नाही. म्हणून घरातल्या इतरांनी, बाळाच्या वडिलांनीही, धुण्याची पाळी वाटून घेतली तरच हा पर्याय टिकतो.

फेकलेल्या डायपरचं पुढे काय होतं?

फेकायच्या डायपरमध्ये प्लॅस्टिकचे थर आणि ओल धरून फुगणारं रसायन असतं. ते कुजत नाही. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले डायपर हा 'सॅनिटरी कचरा' आहे. तो गुंडाळून वेगळा द्यायचा असतो. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेनं अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली. आत काय आहे हे न उघडताच कळावं, हा त्यामागचा हेतू.

आष्टी शहरात नगरपंचायत आहे, पण वाड्या-वस्त्यांवर घंटागाडी पोहोचतेच असं नाही. तिथे डायपर उकिरड्यावर जातो, आणि उकिरड्याचं खत पुढे शेतात जातं. शेणखत कुजतं, प्लॅस्टिक तसंच मातीत राहतं. जाळलं तर विषारी धूर होतो.

कापडी डायपर पर्यावरणासाठी नेहमीच चांगले का? ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या 2008 च्या अभ्यासात दोन्हींचा कार्बन भार जवळपास सारखाच निघाला होता. तिथल्याच सरकारच्या 2023 च्या अभ्यासात कापडी डायपरचा भार सुमारे 25 टक्के कमी आढळला. फरक पडतो तो धुण्याच्या पद्धतीनं. गरम पाणी आणि ड्रायरनं भार वाढतो, दोरीवर वाळवल्यानं आणि दुसऱ्या बाळाला वापरल्यानं कमी होतो. मराठवाड्यात ऊन फुकट आहे, पाणी नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं काय?

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात, अनेकदा तान्ह्या बाळासह. फडाजवळच्या कोपीत नळ नसतो आणि आई पहाटेपासून उसात असते. अशा ठिकाणी जाड, महागडे डायपर उपयोगाचे नाहीत. पातळ सुती लंगोट आणि दोन-तीन कव्हर एवढंच सोबत नेणं व्यवहार्य ठरतं, कारण लंगोट थोड्या पाण्यात निघतो आणि तासा-दोन तासांत वाळतो.

थोडक्यात

सगळं कापडी किंवा सगळं फेकायचं, असं ठरवायची गरज नाही. दिवसा घरात लंगोट किंवा कापडी डायपर आणि प्रवासात किंवा रात्री फेकायचा, असं मिश्रण अनेक कुटुंबांना जमतं. टँकरच्या महिन्यांत फेकायचे डायपर थोडे वाढले तरी त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

आजी बाळाला पायांवर बसवून शी-शू करायला लावते, ती सवयही सोडू नका. तेवढी कापडं कमी भिजतात आणि तेवढं पाणी वाचतं.