डब्यावरचा हिवाळा

मोटारी नव्या होत्या तेव्हा अमेरिकेत इंजिनाचं तेल लाइट, मीडियम, हेवी अशा नावांनी विकलं जाई. एका कंपनीचं लाइट दुसरीच्या मीडियमइतकं दाट निघालं, तरी तक्रार कुणाकडे करणार? मोटार अभियंत्यांच्या 'एसएई' या संस्थेनं १९११ साली या गोंधळात हात घातला आणि १९२०च्या दशकात २०, ३०, ४० असे आकडे रूढ झाले. मोजायची रीत साधी होती. सेबोल्ट नावाच्या उपकरणात ठरावीक तापमानाचं ६० मिलिलिटर तेल बारीक छिद्रातून खाली यायला किती सेकंद लागतात, ते घड्याळ लावून पाहायचं. डब्यावरचा आकडा म्हणजे ते सेकंद नव्हेत आणि वजन तर नव्हेच. ती नुसती तेलाची इयत्ता.

ही परीक्षा गरम तेलाची होती. उत्तरेकडच्या बर्फात पहाटे तेच तेल असं थिजे की हँडल मारून हात दुखायचे. लोक तेलात रॉकेल मिसळत, नाहीतर रात्री तेल काढून घेत आणि सकाळी चुलीवर गरम करून ओतत. शिवाय गरम असताना सारखी वाटणारी दोन तेलं थंडीत अगदी वेगळी वागत. पेनसिल्व्हेनियाच्या खनिज तेलाचं वंगण गारठ्यात त्या मानानं कमी घट्ट होई, मेक्सिकोच्या आखाताकाठचं फार. १९२९ साली डीन आणि डेव्हिस या संशोधकांनी पहिल्याला १०० आणि दुसऱ्याला शून्य गुण देऊन मोजपट्टीच बनवली. पुढं थंडीसाठी वेगळी परीक्षा आली आणि आकड्याला 'डब्ल्यू' चिकटला. तो 'विंटर'चा.

तरी ऋतू बदलला की तेल बदला, हे चालूच होतं. ते थांबवलं १९५०च्या दशकातल्या, थंडीची आणि गरमीची अशा दोन्ही परीक्षा देणाऱ्या मल्टिग्रेड तेलानं. पातळ तेलात लांबलचक रेणूंची पॉलिमरं घातली. थंडीत ती वेटोळं करून गप्प बसतात, तापली की पसरतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. मोटारसायकलीत इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल बहुधा एकच असतं. तिथं दातेरी चाकांमध्ये हे रेणू तुटतात आणि तेल लवकर उतरतं.

आज '५ डब्ल्यू'ची थंडीतली परीक्षा उणे ३० अंशांवर होते, '२० डब्ल्यू'ची उणे १५वर. महाबळेश्वरच्या दवबिंदू गोठवणाऱ्या पहाटेलाही एवढं जमत नाही! लडाखला हिवाळ्यात निघालेल्यानं तो आकडा जरूर पाहावा. आपल्याकडे खरा प्रश्न '२० डब्ल्यू-५०'सारख्या जोडीतल्या दुसऱ्या आकड्याचा, म्हणजे १०० अंशांवरच्या दाटपणाचा. "नागपूरचं ऊन आहे, वीस-पन्नासच टाका," हा गॅरेजमधला सल्ला हवेवर थंड होणाऱ्या जुन्या बाइकला शोभतो. रेडिएटर असलेल्या गाडीत बाहेर ४५ अंश असोत की २५, तेल शंभराच्या आसपासच राहतं, आणि नव्या इंजिनातल्या बारीक फटी पातळ तेल धरूनच आखलेल्या असतात. तिथं मॅन्युअलचं ऐकावं, उन्हाचं नव्हे.

म्हणूनच ऐन विदर्भात '० डब्ल्यू-२०' विकलं जातं. कारण थंडीचं नाही, इंधनबचतीचं. याच हव्यासापोटी एसएईनं २०१३ साली २०च्या खाली १६ ही इयत्ता काढली आणि २०१५ साली १२ आणि ८. पाचाच्या पायऱ्यांनी उतरले असते तर १५, १० आणि ५ आले असते, पण ते आकडे हिवाळ्यानं आधीच अडवून ठेवले होते.