'स्पर्शजन्य' ते 'संसर्गजन्य' : अमेरिकेच्या प्रवेश-कायद्यातील एच. आय. व्ही. बंदीचा इतिहास (१९८७–२०१०)

१

परदेशी वास्तव्य करू इच्छिणाऱ्या माणसाच्या देहाची तपासणी करण्याचा अधिकार राज्यसंस्थेने कोणत्या आधारावर घेतला, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासाइतकाच शब्दांच्या इतिहासाचाही आहे. वैद्य रोग पाहतो. कायदा त्या रोगास दिलेले नाव पाहतो. एखादा रोग एकदा विशिष्ट विशेषणाखाली नोंदला गेला, की तपासणी, नकार आणि हद्दपारी ही सर्व त्या विशेषणातून ओघानेच निष्पन्न होतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९८७ पासून २०१० च्या आरंभापर्यंत एच. आय. व्ही. बाधित परदेशीयांवर घातलेली प्रवेशबंदी हे याचे ठळक उदाहरण होय. रोगाविषयीचे ज्ञान या काळात झपाट्याने वाढले; कायद्यातील शब्द मात्र जुन्या अर्थाला चिकटून राहिला, आणि त्या अंतराची किंमत माणसांना द्यावी लागली.

२

रोगाच्या भयाने प्रवाशास अडविण्याची प्रथा जुनी आहे. 'क्वारंटाइन' हा शब्द इटालियन भाषेतील चाळीस या संख्येवरून आला, हे सर्वश्रुत आहे. बंदरात आलेले जहाज ठराविक दिवस दूर थांबवावे आणि रोग उद्भवला नाही तर माणसांना उतरू द्यावे, असा तो नियम. मुंबईत १८९६ साली प्लेग उद्भवल्यावर या बंदराशी होणारी वाहतूक हा आंतरराष्ट्रीय चिंतेचा विषय झाला आणि १८९७ साली व्हेनिस येथे भरलेल्या परिषदेत त्याचाच मुख्यत्वे विचार झाला. हा नियम जाचक असे, परंतु त्याला मुदत असे. चाळीस दिवस संपत.

अमेरिकेने १८९१ च्या कायद्याने जो मार्ग स्वीकारला तो मूलतः भिन्न होता. 'किळसवाण्या अथवा धोकादायक स्पर्शजन्य' रोगाने ग्रस्त असलेल्या परदेशीयास प्रवेश देऊ नये, असे त्या कायद्याने ठरविले. येथे जहाज थांबविलेले नाही, माणूस निवडलेला आहे. आणि या निवडीस मुदत नाही. १८९२ साली उघडलेल्या एलिस बेटावरील केंद्रात डॉक्टर रांगेतील माणसांच्या कोटावर खडूने अक्षरे लिहीत : डोळ्यांसाठी एक, हृदयासाठी दुसरे, लंगडेपणासाठी तिसरे. १८९७ पासून खुपरी हा डोळ्यांचा रोग 'धोकादायक स्पर्शजन्य' ठरला, आणि पापणी उलटून पाहिल्यावर अनेकांना परतीचे जहाज धरावे लागले.

मूळ इंग्रजी संज्ञेतील 'कन्टेजस' हे विशेषण लॅटिनमधील 'स्पर्श करणे' या धातूपासून सिद्ध झालेले आहे. मराठीत त्याचा शब्दशः पर्याय 'स्पर्शजन्य' असा होतो. 'संसर्ग' हा शब्द त्याहून व्यापक. त्याच्या मुळाशी एकत्र येणे, संबंध येणे एवढाच अर्थ आहे. स्पर्शाच्या कल्पनेत केवढी सामाजिक शक्ती दडलेली असते, हे महाराष्ट्रातील वाचकास वेगळे सांगावयास नको. ज्याला स्पर्शाचा दोष लागला, त्याचे संपूर्ण अस्तित्वच दूषित मानले जाते.

३

एड्सची पहिली वैद्यकीय नोंद जून १९८१ मध्ये झाली. १९८३ मध्ये पॅरिस येथील पाश्चर संस्थेत विषाणू वेगळा करण्यात आला आणि १९८५ मध्ये रक्तचाचणी उपलब्ध झाली. विषाणू रक्त, लैंगिक संबंध आणि मातेकडून अपत्याकडे या मार्गांनी जातो, हस्तांदोलनाने अथवा एका टेबलावर जेवल्याने जात नाही, हे तोपर्यंत स्पष्ट झाले होते. प्रवाशांच्या चाचण्या घेऊन रोगाचा प्रसार थांबणार नाही, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेने बोलाविलेल्या तज्ज्ञांच्या सभेने मार्च १९८७ मध्येच काढला होता.

तरीही त्याच वर्षी अमेरिकेच्या आरोग्य खात्याने एड्सचा समावेश 'धोकादायक स्पर्शजन्य' रोगांच्या यादीत केला. त्या यादीत तोवर सात रोग होते : पाच गुप्तरोग, संसर्गक्षम कुष्ठरोग आणि सक्रिय क्षयरोग. पाठोपाठ सिनेटर जेसी हेल्म्स यांची दुरुस्ती सिनेटमध्ये एकमताने संमत झाली, आणि 'एड्स' या शब्दाच्या जागी एच. आय. व्ही. चा नुसता संसर्गही पुरेसा ठरला. या बदलाचे महत्त्व फार मोठे आहे. एड्स ही आजाराची अवस्था होय. संसर्ग ही वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखविणारी स्थिती. कायद्याच्या दृष्टीने मात्र धडधाकट माणूस आणि मरणासन्न रुग्ण एकाच वर्गात आले.

स्थायी वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्या पंधरा वर्षांवरील प्रत्येकास चाचणी अनिवार्य झाली. अल्पकाळासाठी येणाऱ्यांची सरसकट चाचणी होत नसे. पण त्यांनाही विशेष सवलत मागावी लागे. १९८९ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील आरोग्यविषयक परिषदेस निघालेल्या एका डच कार्यकर्त्याच्या सामानात मिनेसोटा राज्यातील विमानतळावर एझेडटी हे औषध सापडले, आणि त्याला काही दिवस तुरुंगात काढावे लागले. जे औषध रुग्णाला जगवीत होते, तेच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरले. सीमा ओलांडताना गोळ्या दडवाव्या अथवा घरीच ठेवाव्या, हा धडा त्यानंतर अनेकांनी घेतला.

४

१९९० च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या सहाव्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेवर अनेक संस्थांनी बहिष्कार घातला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये संमत झालेल्या नव्या कायद्याने शंभर वर्षांचे जुने विशेषण काढून टाकले. 'धोकादायक स्पर्शजन्य रोग' याऐवजी 'सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा संसर्गजन्य रोग' असा शब्दप्रयोग आला, आणि कोणते रोग महत्त्वाचे हे ठरविण्याचे काम आरोग्य खात्याकडे सोपविण्यात आले. भाषेने आपले काम चोख केले होते. जानेवारी १९९१ मध्ये खात्याने नव्या व्याख्येनुसार केवळ संसर्गक्षम क्षयरोग यादीत ठेवावा, असा प्रस्तावही मांडला. परंतु विरोधाचा पूर लोटला आणि प्रस्ताव बारगळला. बॉस्टन येथे व्हावयाची १९९२ ची परिषद अॅमस्टरडॅमला हलविण्यात आली. शब्द बदलला, भय बदलले नाही.

या बंदीचे सर्वांत कठोर रूप क्यूबातील ग्वान्टानामो येथील अमेरिकी तळावर दिसले. हैतीमध्ये सप्टेंबर १९९१ मध्ये सत्तापालट झाल्यावर होड्यांतून पळालेल्या हजारो लोकांना समुद्रात अडवून या तळावर आणण्यात आले. त्यांपैकी छळाचे भय सकृद्दर्शनी सिद्ध झालेल्या, पण एच. आय. व्ही. बाधित ठरलेल्या दोनशेहून अधिक लोकांना काटेरी तारांच्या छावणीत अडकून पडावे लागले. ते मायदेशी जाऊ शकत नव्हते आणि अमेरिकेत येऊ शकत नव्हते. न्यायाधीश स्टर्लिंग जॉन्सन यांनी ८ जून १९९३ रोजी त्यांच्या मुक्ततेचा आदेश दिला. अवघ्या दोन दिवसांनी, १० जून रोजी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ज्या विधेयकावर स्वाक्षरी केली, त्यातील एका कलमाने एच. आय. व्ही. चे नाव थेट कायद्यातच कोरले. आता खात्याला वाटले तरी ते नाव वगळणे शक्य उरले नाही.

स्थायी वास्तव्यासाठी सवलत मागण्याचा मार्ग अगदीच बंद नव्हता. परंतु त्यासाठी अमेरिकेत पती, पत्नी, आईवडील अथवा अपत्य असे नाते असणे आवश्यक होते. सार्वजनिक आरोग्यास असलेला धोका आणि प्रसाराची शक्यता अत्यल्प असल्याचे, तसेच कोणत्याही सरकारी संस्थेवर तिच्या संमतीविना खर्च पडणार नसल्याचे दाखवावे लागे. ही शेवटची अट उद्बोधक आहे. स्पर्शाच्या भयामागे खर्चाची चिंता उभी होती, हे तिच्यावरून दिसून येते.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा संबंध येतो तो येथेच. १९६५ च्या अमेरिकन कायद्यानंतर मराठी डॉक्टर आणि अभियंते मोठ्या संख्येने तेथे गेले. १९९० नंतर तात्पुरत्या परवान्यावर जाणाऱ्या संगणक-तंत्रज्ञांची त्यांत भर पडली. तात्पुरत्या परवान्यासाठी रक्ताची चाचणी नेहमीची नव्हती, स्थायी वास्तव्यासाठी मात्र ती अटळ होती. म्हणजे पाच-सहा वर्षे नोकरी करून, कर भरून, मुले शाळेत घातल्यावर एखाद्यास आपल्या संसर्गाचे वृत्त प्रथम कळावे, तेही उपचारासाठी नव्हे तर अपात्रतेचे कारण म्हणून, असा प्रसंग या नियमाच्या रचनेतच अंतर्भूत होता. चाचणी टाळणे शहाणपणाचे ठरावे, अशी ही व्यवस्था होती.

५

१९९६ पासून संयुक्त औषधोपचाराने एच. आय. व्ही. हा दीर्घकाळ सांभाळता येणारा विकार झाला. अमेरिकेने २००३ पासून परदेशांतील रुग्णांच्या उपचारासाठी प्रचंड निधी देण्यास आरंभ केला, आणि विसंगती उघडी पडली : ज्या रुग्णास तिने आफ्रिकेत औषध पुरविले, त्यालाच ती आपल्या दारात अडवीत होती. त्याच निधीचे नूतनीकरण करणाऱ्या जुलै २००८ च्या कायद्याने १९९३ चे कलम रद्द केले. यादीतील नाव काढणारा नियम नोव्हेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ४ जानेवारी २०१० पासून अमलात आला. बावीस वर्षांनंतर, जुलै २०१२ मध्ये, आंतरराष्ट्रीय परिषद वॉशिंग्टन येथे भरू शकली.

तथापि, हा इतिहास संपलेला नाही. आखाती देशांत कामासाठी जाणाऱ्यांना आजही निघण्यापूर्वी मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी करावी लागते, तेथे पोहोचल्यावर पुन्हा चाचणी होते, आणि एच. आय. व्ही. आढळल्यास परवाना नाकारला जातो अथवा हद्दपारी होते. रत्नागिरी-रायगडातील कित्येक घरे या नोकऱ्यांवर उभी आहेत, आणि तेथे या तपासणीचा निकाल एकाच इंग्रजी शब्दाने ओळखला जातो : 'अनफिट'. या शब्दात स्पर्शाचा आरोप नाही की संसर्गाचे नावही नाही. माणूस कामास योग्य नाही एवढेच तो सांगतो, जरी औषध घेणारा तोच माणूस उद्या गावी नांगर धरू शकत असला तरी. १८९१ च्या विशेषणात निदान रोगाच्या मार्गाविषयी काही विधान होते, आणि ते खोटे ठरविता येत होते. 'अनफिट' या शब्दाने कारणच सांगितलेले नसल्याने त्याचे खंडन कोणत्या शास्त्राने करावे, हा प्रश्न शिल्लक राहतो.