महजराचा शेवट : गोताची मान्यता आणि राजाची सत्ता

मराठेशाहींतील वतनी तंट्यांचे महजर आपल्या संग्रहांत पुष्कळ आहेत. त्यांतील हकीकत आपण आवडीनें वाचतों. परंतु आरंभींची हाजिरमजलसाची यादी आणि शेवटच्या निशाण्या यांजकडे तितकें लक्ष जात नाहीं. छापतांना तर निशाणीची आकृति जाऊन ‘निशाणी नांगर’ एवढे शब्दच उरतात. वस्तुतः सत्तेस अधिकाराचें रूप कोणाच्या मान्यतेनें येई, याचा पुरावा तेथेंच आहे.

‘महजर’ आणि ‘हजर’ हे शब्द एकाच अरबी धातूपासून निघालेले. महजर म्हणजे केवळ निकालपत्र नव्हे. अमुक मंडळीच्या समक्ष निकाल झाला, याचा तो दाखला होय.

तंटा उभा राहिला म्हणजे वादी-प्रतिवादी निकाल मान्य करूं असा राजीनामा देत व जामीन उभे करीत. मग तकरिरा, कागद व साक्षी पाहिल्या जात. स्थानिक गोतावर भरंवसा नसल्यास परस्थळ मागतां येई. पुराव्यानें निर्णय न झाल्यास दिव्य होई. हरलेला यजितखत लिहून देई. जिंकलेल्याकडून सरकार हरकी घेई.

या सभेंत राजाचे अंमलदार बसत. तरी एकटा हुकूम पुरेसा नसे. वतन उपभोगावयाचें तें गांवांत. भाऊबंद, शेजारी व बलुतेदार जोंवर मानीत नाहींत, तोंवर सनद पेटींतच राहावयाची. विरोध मोडून आपली इच्छा चालविणें ही सत्ता, आणि योग्य मानून लोकांनीं आज्ञा पाळणें हा अधिकार, असा भेद जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर (१८६४–१९२०) यानें केला. महजराच्या पायथ्याशीं हा भेद डोळ्यांनीं दिसतो.

मग यास लोकशाही म्हणावें काय? मेटकाफनें १८३० च्या टिपणांत ग्रामसंस्थांना लहान प्रजासत्ताकें म्हटलें. तेंच मत पुढें घेऊन डॉ. आंबेडकर यांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत ग्रामगौरवावर कठोर टीका केली. महजर दोन्ही पक्षांस कसोटी लावतो. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू व न्हाव्याचा आरसा एका कागदावर येतात, हें खरें. परंतु सभेंतील जागा निवडणुकीनें नव्हे, वतनानें मिळे. नांवांचा क्रमही मानपानाचा असे. स्त्रिया बहुधा यादीबाहेर राहत. शिवेच्या वादांत ज्या महाराची साक्ष मोलाची, त्यालाच अस्पृश्य मानीत. तात्पर्य, संमति होती, समता नव्हती.

एल्फिन्स्टननें १८१९ च्या अहवालांत पंचायतीस मोठें स्थान दिलें होतें. तथापि १८२७ च्या मुंबई इलाख्यांतील कायद्यांनंतर न्यायाचें बळ अदालतीच्या हुकुमांत गेलें आणि गोताच्या निशाणीचें महत्त्व ओसरलें. पुढें मतपेटी आली, तेव्हां मान्यता देण्याचा हक्क वतनापासून सुटला. हा पालट केवढा, हें जुना महजर शेजारीं ठेवल्यावांचून उमगत नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति आहे कीं, महजराची नक्कल किंवा छायाचित्र घेतांना कागद शेवटापर्यंत घ्यावा. निशाण्यांची आकृति, क्रम व संख्या नोंदवावी. आणि जेथें निशाणी अपेक्षित असून नाहीं, ती उणीवही लिहून ठेवावी. अधिकार कोणाच्या हातीं होता, तें निशाण्या सांगतील. कोणास नाकारला गेला, तें या उणिवांवरून कळेल.